चौकशीचा ससेमिरा आणि मंगळवारचा अर्धा तास

माझी भाची पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा तिच्यासोबत ‘गुड नाईट, अँड गुड लक’ पाहत बसलो होतो. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, तिने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. “मामा, राजकीय छळाची गोष्ट आहे म्हणालास ना? मग यात कुणाला पकडून का नेत नाहीत? पोलीस कुठेत?”

प्रश्न बिनतोड होता. १९५०च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाची लाट आली होती, तेव्हाची ही एका टीव्ही वाहिनीतली गोष्ट. जॉर्ज क्लूनीने २००५ साली केलेला हा कृष्णधवल चित्रपट सिगारेटच्या धुरात, बहुतेक एकाच कचेरीत घडतो. अटक नाही, मारहाण नाही, मध्यरात्री दारावर थापही नाही. कोट-टाय घातलेली माणसं खालच्या आवाजात बोलतात आणि घाबरलेली असतात. कशाला, ते चित्रपट फारसं सांगत बसत नाही, कारण अमेरिकन माणसाला ते शाळेतच शिकवलेलं असतं. आपली तिथेच पंचाईत होते. म्हणून त्या रात्री भाचीला जे सांगितलं, ते जरा नीट लावून इथे लिहितो.

आधी भीती कुठून आली ते पाहू. १९४९च्या ऑगस्टमध्ये रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली. ऑक्टोबरमध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला. पुढच्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकेत रशियाचे हेर खरोखरच होते. अणुबॉम्बची गुपितं देणारा क्लाउस फुक्स १९५०मध्ये इंग्लंडमध्ये पकडला गेला तो काही कुणाच्या कल्पनेतला नव्हता. तेव्हा साप होता, हे आधी मान्य करायला हवं. पण पुढची सात-आठ वर्षं जे चाललं त्याला आपल्याकडे साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात.

आता भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. पोलीस दिसत नाहीत, कारण त्यांची गरजच नव्हती. कम्युनिस्ट पक्षाच्या काही पुढाऱ्यांना आणि संसदेच्या चौकशी समितीपुढे तोंड उघडायला नकार देणाऱ्या काही हॉलिवूडवाल्यांना तुरुंगवास झाला, हे खरं. पण हजारो सामान्य लोकांच्या बाबतीत एवढंच झालं की त्यांची नोकरी गेली आणि दुसरी मिळेना. सरकारी नोकरांसाठी १९४७ सालीच निष्ठातपासणी सुरू झाली होती. त्यात तुमच्यावर आरोप कुणी केला, हे तुम्हाला कळायलाच हवं असा नियम नव्हता.

खासगी क्षेत्रातली रीत तर आणखी सोपी. १९५०च्या जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर मायक्रोफोन आवळणारा लाल पंजा. आत रेडिओ आणि टीव्हीवर काम करणाऱ्या १५१ लोकांची नावं आणि प्रत्येकापुढे यादी: अमुक सभेला हजर, तमुक पत्रकावर सही, ढमुक संस्थेला देणगी. लिओनार्ड बर्नस्टाइन, आर्थर मिलर, ऑर्सन वेल्स अशी मोठी नावंही त्यात होती. गुन्हा कुणाचाच सिद्ध झालेला नव्हता, आणि तो सिद्ध करायचा नव्हताच.

त्या काळी अमेरिकन टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणजे प्रायोजकाची मालमत्ता. साबणवाला, टूथपेस्टवाला, डबाबंद खाद्यपदार्थांची कंपनी पैसे देणार, आणि कार्यक्रमात कोण असावं यावर त्यांचा शब्द चालणार. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस गावात लॉरेन्स जॉन्सन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांची सुपरमार्केटं होती. त्यांनी एक युक्ती काढली. यादीतलं एखादं नाव कुठल्या कार्यक्रमात दिसलं की त्याच्या प्रायोजकाला कळवायचं: तुमचा माल माझ्या फळीवर आहे, त्याच्याशेजारी मी पाटी लावतो की ही कंपनी कम्युनिस्टांना पोसते. झालं. कंपनीला त्या नटाचं राजकारण काय आहे याच्याशी काडीचं देणंघेणं नसे, पण टूथपेस्ट पडून राहिली तर? जीन म्यूर नावाच्या अभिनेत्रीला १९५०च्या ऑगस्टमध्ये मालिकेतून काढलं ते मोजक्याच फोनांवरून. भाचीला मी म्हटलं, पोलीस नकोत ते यासाठी. वाण्याचा एक फोन पुरतो.

वाहिन्यांनी काय केलं? सीबीएसने १९५०च्या डिसेंबरमध्ये आपल्या कर्मचाऱ्यांकडून निष्ठेचं प्रतिज्ञापत्रच भरून घेतलं. चित्रपटाचा नायक एडवर्ड मर्रो यानेही त्यावर सही केली होती. हे मी मुद्दाम सांगतो. लंडनवर जर्मन बॉम्ब पडत असताना गच्चीवर उभं राहून रेडिओवरून बातम्या देणारा हा माणूस, अमेरिकेतला सर्वांत विश्वासू आवाज. पण पहिली चार वर्षं तोही थेट अंगावर गेला नव्हता.

कुणाच्या अंगावर? जोसेफ मॅकार्थीच्या. विस्कॉन्सिन राज्याचा हा सिनेटर १९४६ साली निवडून आला होता. ९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग नावाच्या गावी, रिपब्लिकन महिलांच्या सभेत त्याने एक कागद हलवून सांगितलं की परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्या हातात आहे. आकडा २०५ सांगितला असं वार्ताहराने छापलं. काही दिवसांतच तो ५७ झाला, पुढे ८१. कागद कुणी पाहिला नाही. आपल्याकडे अशा वेळी बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात. तिथल्या वर्तमानपत्रांनी तसं न विचारता आकडा छापला. त्यांचीही अडचण समजून घ्यायला हवी: सिनेटर अमुक म्हणाला, ही बातमीच होती. तो म्हणाला ते खोटं आहे हे छापायचं तर आधी शोधायला हवं, आणि तोवर त्याचा दुसरा आरोप आलेला असे.

१९५३ साली तो सिनेटच्या तपास उपसमितीचा अध्यक्ष झाला. चित्रपटात गोंधळ होतो तो इथे. समिती म्हणजे कोर्ट नव्हे. तिथे न्यायाधीश नाही, आणि आरोप करणाऱ्याला उलटतपासणीत खेचायचा हक्कही साक्षीदाराला नाही. शिवाय समितीत बसून सिनेटर जे बोलेल त्यासाठी त्याच्यावर बदनामीचा दावा लावता येत नाही.

साक्षीदाराची तर इकडे आड तिकडे विहीर. “तुम्ही कम्युनिस्ट आहात किंवा होतात का?” या प्रश्नाला नाही म्हटलं आणि उद्या कुणी जुना कागद काढला, तर खोट्या साक्षीचा खटला. उत्तर नाकारलं, जो घटनेने दिलेला हक्क आहे, तर मॅकार्थी त्यालाच गुन्ह्याची कबुली समजणार आणि दुसऱ्या दिवशी मालक कामावरून काढणार. आणि हो म्हटलं तर पुढचा प्रश्न तयार: आणखी कोण कोण होतं? नावं सांगा. या तिसऱ्या फाट्यावर कित्येक मैत्र्या कायमच्या संपल्या.

आता मर्रोकडे. फ्रेड फ्रेंडली या निर्मात्याबरोबर तो ‘सी इट नाऊ’ हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करी, मंगळवारी रात्री साडेदहाला. प्रायोजक ॲल्युमिनियम बनवणारी अल्कोआ कंपनी. ती घरोघरी साबण विकत नव्हती, त्यामुळे तिला फळीवरच्या पाटीची तितकी भीती नव्हती. अशा तांत्रिक बाबींवर इतिहास किती अडकलेला असतो!

१९५३च्या शरद ऋतूत मर्रोला डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रात एक बातमी सापडली. मायलो रॅडुलोविच, वय २६, हवाई दलाच्या राखीव दलातला लेफ्टनंट. आधी हवामानतज्ज्ञ म्हणून नोकरी केलेली, आता मिशिगन विद्यापीठात शिकत होता, राहायला डेक्स्टर नावाच्या लहान गावात. हवाई दलाने त्याला कळवलं की तुम्ही देशाच्या सुरक्षेला धोका आहात. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल शंका नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग धोका कसला? तर वडील आणि बहीण. वडील सर्बियातून आलेले मोटार कारखान्यातले कामगार, ते एक सर्बियन वर्तमानपत्र घेतात. बहीण डाव्या विचारांची. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपण गमतीने म्हणतो. इथे ते सरकारी कामकाजात उतरलं होतं. आणि बैलाची दावण तरी बदलता येते. बापाचं काय करणार?

राजीनामा दे, प्रकरण मिटेल, असा मार्ग त्याला उघडा होता. त्याने तो घेतला नाही, सुनावणी मागितली. सुनावणीत हवाई दलाने एकही साक्षीदार उभा केला नाही. होतं फक्त एक सीलबंद पाकीट. त्यात आरोपांचा पुरावा आहे, असं सांगण्यात आलं. रॅडुलोविचच्या वकिलांना ते उघडू दिलं नाही. आत काय आहे हे माहीत नसताना ते खोटं कसं ठरवायचं?

२० ऑक्टोबर १९५३ला ‘सी इट नाऊ’ने अख्खा अर्धा तास या एका माणसाला दिला. सीबीएसने कार्यक्रमाची जाहिरात करायला नकार दिला, तेव्हा मर्रो आणि फ्रेंडलीने स्वतःच्या खिशातले पंधराशे डॉलर घालून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात दिली, वाहिनीच्या बोधचिन्हाशिवाय. पडद्यावर होतं काय? रॅडुलोविच बोलतो, वडील मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, बहीण बोलते, गावातली माणसं बोलतात. शेवटी मर्रो म्हणतो की बापाचा दोष सिद्ध झाला तरी तो मुलाच्या माथी मारता येत नाही, आणि इथे तर तो सिद्धही झालेला नाही. पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, हवाई दलाचे सचिव हॅरल्ड टॅलबट त्याच कार्यक्रमात आले आणि सांगितलं की रॅडुलोविचचं पद कायम राहील.

माझ्या मते चित्रपटाचा खरा कणा हा भाग आहे. मॅकार्थीचं नाव इथे जवळजवळ येतच नाही. रॅडुलोविचला त्रास देणारा मॅकार्थी नव्हता, नियम होते. वरचा माणूस ओरडत असतो तेव्हा खालचे लोक आपल्या अकलेने कामाला लागतात.

मग ९ मार्च १९५४. मॅकार्थीच्या भाषणांची आणि सुनावण्यांची फिल्म फ्रेंडलीची मंडळी कित्येक महिने जमवत होती. युक्ती साधी: त्याच्याविरुद्ध कुणाला बोलवायचं नाही, त्यालाच बोलू द्यायचं. अर्धा तास मॅकार्थी पडद्यावर. तो खिदळतो, आवाज चढवतो, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांचं नाव घेताना मुद्दाम जीभ घसरल्यासारखं ‘अल्जर’ म्हणतो, म्हणजे हेरगिरीच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या अल्जर हिसशी त्यांना जोडून टाकतो. मध्येमध्ये मर्रो एवढंच सांगतो की हे विधान चूक आहे आणि वस्तुस्थिती अशी आहे.

त्यातला एक तुकडा मी भाचीला दोनदा दाखवला. रीड हॅरिस नावाचा परराष्ट्र खात्यातला अधिकारी समितीसमोर बसलाय. त्याला विचारतात त्याच्या एका पुस्तकाबद्दल, जे त्याने १९३२ साली, ऐन विशीत, कॉलेजातल्या फुटबॉलच्या धंद्यावर टीका करत लिहिलं होतं. एकवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक! त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने त्याला काढलं होतं, तेव्हा त्याला वकील कुणी दिला? सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेने, असं तो सांगतो. मॅकार्थी लगेच म्हणतो, ही संस्था कम्युनिस्टांचं काम करणारी म्हणून यादीत आहे, ठाऊक आहे ना? फिल्म थांबते. मर्रो कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की ॲटर्नी जनरलच्या किंवा एफबीआयच्या कुठल्याही यादीत ती संस्था नाही, कधीच नव्हती. बस. शिवी नाही, उपरोध नाही. खोटं तिथल्या तिथे उघडं पडतं. घरात बसलेल्या माणसाने त्या क्षणापर्यंत ‘यादीत आहे’ हे शब्द शेकडो वेळा ऐकले असणार. यादी तपासून पाहिलेला माणूस तो पहिल्यांदा पाहत होता.

शेवटच्या मनोगतात मर्रोचं एक वाक्य आहे, ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला. तो म्हणतो की समित्यांनी चौकशी करणं गरजेचंच आहे, पण चौकशी आणि छळ यांच्यामधली रेघ फार बारीक असते, आणि विस्कॉन्सिनच्या सिनेटरने ती पुन्हा पुन्हा ओलांडली आहे. मराठीत या रेघेच्या पलीकडच्या बाजूला छान शब्द आहे: ससेमिरा. चौकशीला शेवट असतो, ससेमिऱ्याला नसतो. असहमती म्हणजे देशद्रोह नव्हे, हेही त्याने तिथेच सांगितलं.

सीबीएसचे मालक विल्यम पेली यांनी त्या दिवशी मर्रोला आपण पाठीशी आहोत असं कळवलं होतं. जाहिरात मात्र पुन्हा दोघांच्या खिशातूनच. हजारो फोन आणि तारा आल्या, बहुतेक बाजूने.

पुढच्याच मंगळवारी, १६ मार्चला, त्यांनी ॲनी ली मॉसची सुनावणी दाखवली. पेंटॅगॉनमध्ये संदेश पुढे पाठवण्याच्या विभागातली ही कृष्णवर्णीय कर्मचारी. सांकेतिक संदेश हाताळणारी कम्युनिस्ट बाई, असा समितीचा दावा. ती इतकी शांत आणि गोंधळलेली होती की कार्ल मार्क्सचं नाव काढल्यावर तिने विचारलं, तो कोण? मॅकार्थी मध्येच उठून गेला. कॅमेरा त्याच्या रिकाम्या खुर्चीवर परत परत जातो. सिनेटर सिमिंग्टन तिला म्हणाले की तुला सैन्याने परत घेतलं नाही तर माझ्याकडे ये, मी नोकरी देतो, सभागृहात टाळ्या. यावर चित्रपट थांबतो. मी थांबत नाही. १९५८ साली एका सरकारी मंडळाने सांगितलं की पक्षाच्या जुन्या कागदपत्रांत तिच्याच पत्त्यावर ॲनी ली मॉस हे नाव होतं. ती खरंच सभासद होती का, यावर अभ्यासक आजही भांडतात. पण सुनावणीचा मुद्दा वेगळा होता: कुणाच्या तरी ऐकीव सांगण्यावर, तो सांगणारा समोर नसताना, माणसाला दोषी ठरवायचं का? त्याचं उत्तर ती सभासद असली तरी बदलत नाही. भाचीला हे पटायला वेळ लागला. मलाही लागला होता.

मॅकार्थीला उत्तराची संधी दिली होती. ६ एप्रिलच्या फिल्ममध्ये त्याने कार्यक्रमातली एकही चूक दाखवली नाही. मर्रोलाच कोल्ह्यांच्या टोळीचा म्होरक्या म्हटलं. म्हणजे मर्रोने जे दाखवलं होतं तेच त्याने पुन्हा करून दाखवलं, फुकटात.

एका कार्यक्रमाने मॅकार्थी कोसळला, असं मात्र नाही. त्याची लोकप्रियता आधीच उतरणीला लागली होती. सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ १९५०मध्येच त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. ९ मार्चलाच, दिवसा, त्याच्याच पक्षाच्या सिनेटर फ्लँडर्स यांनी सभागृहात त्याची खिल्ली उडवली होती. खरा घाव बसला तो त्याने लष्कराशी वैर घेतलं तेव्हा. २२ एप्रिलपासून जूनपर्यंत त्या वादाची सुनावणी टीव्हीवर दिवसच्या दिवस चालली. ९ जूनला लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांनी विचारलं की, महाशय, तुम्हाला काही जनाची-मनाची उरली आहे की नाही? २ डिसेंबरला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. १९५७मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, तो गेला.

किंमत दुसऱ्यांनीही मोजली. ९ मार्चच्या रात्री, कार्यक्रम संपल्यावर, सीबीएसचा वृत्तनिवेदक डॉन हॉलेनबेक याने बातम्यांच्या सुरुवातीलाच मर्रोचं उघड कौतुक केलं होतं. त्याच्यामागे एक वर्तमानपत्री स्तंभलेखक आधीपासून हात धुऊन लागला होता. २२ जूनला हॉलेनबेकने आत्महत्या केली.

आणि ‘सी इट नाऊ’? तो मॅकार्थीने बंद पाडला नाही. ७ जून १९५५ला, त्याच मंगळवारी, त्याच्या अगदी आधीच्या वेळेत चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्नमंजूषेचा नवा खेळ सुरू झाला. मर्रोने तो स्टुडिओत पाहिला आणि फ्रेंडलीला विचारलं, आपली ही वेळ आता किती दिवस टिकेल, पैज लावतोस? अल्कोआ गेली, साप्ताहिक वेळ गेली, आणि १९५८मध्ये कार्यक्रमच संपला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोच्या एका मेजवानीत, आपल्याच धंद्यातल्या लोकांसमोर त्याने भाषण केलं: या पेटीचा उपयोग शिकवायला, डोळे उघडायला केला नाही तर ती निव्वळ तारा आणि दिवे भरलेली पेटी आहे. चित्रपट याच मेजवानीत सुरू होतो आणि तिथेच संपतो. (जाता जाता: त्याच वर्षी त्याने ‘स्मॉल वर्ल्ड’ हा चर्चेचा नवा कार्यक्रम सुरू केला आणि पहिल्या भागात दिल्लीहून पंडित नेहरूंना बोलतं केलं होतं.)

चित्रपटाबद्दल एकच गोष्ट. त्यात मॅकार्थीचं काम करणारा नट नाही. सगळीकडे खरी फिल्म वापरली आहे. क्लूनी सांगतो की चाचणी-खेळांना आलेले काही प्रेक्षक तक्रार करत, हा मॅकार्थी झालेला नट फारच भडक काम करतो. म्हणजे १९५४ची युक्ती २००५मध्येही चालली.

रीड हॅरिसला मॅकार्थीच्या चौकशीनंतर पद सोडावं लागलं होतं. १९६१मध्ये मर्रो केनेडी सरकारात माहिती खात्याचा प्रमुख झाला, तेव्हा त्याने हॅरिसला बोलावून पुन्हा नोकरीत घेतलं. रॅडुलोविच पुढे पुन्हा हवामानाच्याच नोकरीत गेला, चित्रपट आला तेव्हा हयात होता, आणि २००७मध्ये वारला. “आणि ते पाकीट?” भाचीने विचारलं. ते त्याच्यासमोर कधीच उघडलं गेलं नाही.